शहाणी आणि फास्ट साहेब

सोमवार, १ डिसेंबर १९०२
चांद दिसला. उद्यापासून रोजे. अम्मानं परड्यातूनच शेजारणीला ओरडून सांगितलं, शहाणी दचकून बाजेवर उठून बसली आणि मग अम्माच तिच्यावर ओरडली. चित्ता पाळलाय की सून, कळत नाही.

दुपारी जमादारानं बोलावलं. शिकारखान्यात हा बोलवतो तेव्हा काहीतरी निस्तरायचं असतं. येत्या रविवारी एक साहेब येतोय मलकापुराकडून. त्याला चित्त्यानं धरलेलं काळवीट बघायचंय. शहाणीला न्यायचं आणि साहेबाला सगळं इंग्रजीत सांगायचं, ते मी. "तू साळंत गेलायस न्हवं? मग त्याचा काय उपेग?" म्हणाला.

शाळेत इंग्रजीचं एक पुस्तक, तेही अर्धं. बा वारला आणि चित्त्याला परत बोलवायची त्याची पळी हातात आली, चित्तेवान झालो, पुस्तक राहिलं. कचेरीतल्या दत्तोबा कारकुनाकडं गेलो. तो म्हणाला, साहेब पहिलं हेच विचारणार की जनावर किती पळतं. तू सांग, व्हेरी फास्ट. फास्ट म्हणजे वेगवान.
फास्ट. फास्ट. फास्ट. सोपं आहे.

बुधवार, ३
सोपं नाही. आज द. म्हणाला, रोज्यालाही फास्टच म्हणतात. म्हटलं, चेष्टा करू नका, मी पहाटेपासून उपाशी आहे. त्यानं पुस्तक उघडून दाखवलं. पळणं पण फास्ट, न खाता बसून राहणं पण फास्ट. वर दोरी घट्ट बांधली तर ती फास्ट, धुऊन न जाणारा रंग फास्ट, गाढ झोपलेला माणूस फास्ट. एवढ्या आगबोटी बांधणाऱ्यांना चार शब्द जास्त बांधता आले नाहीत?
शेवटी द.नं खालच्या आवाजात बजावलं, शहाणीबद्दल बोलताना सांभाळून. बाईमाणसाला फास्ट म्हटलं तर अर्थ वाईट होतो. घरी येऊन शहाणीला सांगितलं. तिनं जांभई दिली.

शुक्रवार, ५
शहाणी पायरीवर, अम्मा बाजूला तांदूळ निवडत बसलेली. रोज दोन-चार घटका अम्मा तिच्याशी बोलते. जनावराला माणसाच्या आवाजाची सवय लागावी म्हणून बाच्या वेळेपासूनची पद्धत. घरातल्या बायांनी बाजेजवळ बसायचं आणि मनात येईल ते बोलायचं. अम्माच्या मनात कायम शेजारीण असते. त्या शेजारणीचं सगळं घर शहाणीला पाठ झालं असेल.
अम्मा दिसली की शहाणी चिमणीसारखी चिवचिवते. एवढं मोठं जनावर आणि आवाज एवढासा. माझ्यासाठी कधी चिवचिवत नाही. मला फक्त घुरघुर. थोडं वाईट वाटतं, लिहून टाकतो.

रविवार, ७
साहेब आला. माणूस वाईट नाही. शहाणीपुढं उकिडवा बसला, टोपी काढली, कितीतरी वेळ बघत राहिला. विचारलं तेच, हाऊ फास्ट? मी म्हटलं, व्हेरी. तो हसला आणि खिशातून घड्याळ काढलं. बटण दाबलं की काटा पळतो, दाबलं की थांबतो. शहाणीची धाव मोजणार आहे. मग कचेरीच्या घड्याळाकडं बघून म्हणाला, हे फास्ट आहे. घड्याळसुद्धा! जागेवर टांगलेलं असून.
मी पाणी घेतलं नाही तेव्हा त्यानं कारण विचारलं. रोजा सांगितला. तो शहाणीकडं बोट करून म्हणाला, मग उद्यापासून हिचाही. म्हणजे त्याला माहीत आहे. शिकारीआधी चित्त्याला उपाशी ठेवतात, नाहीतर तो काळवीट बघून कुशीवर वळतो.

सोमवार, ८

द.नं बाजूला घेऊन सांगितलं. सुताराकडं पिंजरा सांगितलाय, चाकांचा. शहाणी मनासारखी पळाली तर साहेब तिला विलायतेला नेणार, प्राण्यांच्या बागेत ठेवायला. जमादारानं कबूल करून टाकलंय. महाराज परगावी. ते येईतो पिंजरा रत्नागिरीच्या बंदरात असेल.
जमादाराकडं गेलो. पाया पडायचं तेवढं राहिलं. तो पान लावत होता. म्हणाला, "पावणं खूश झालं पायजेत. जनावर काय, दुसरं येतंय."
मी विचारलं, आणि ती पळालीच नाही तर?
"न पळणाऱ्या जनावराला बकऱ्याचं मटण कशापायी घालायचं? गोळी सस्ती पडती."
म्हणजे पळाली तर गेली, न पळाली तरी गेली.
अम्माला सांगितलं नाही. तिनं तोंडावरून ओळखलं असावं, कारण आज शेजारणीबद्दल एक शब्द नाही.

मंगळवार, ९
कालपासून शहाणीला काही दिलेलं नाही. हुकूम तसा आहे. सकाळभर बाजेवरून माझ्या हाताकडं बघत होती. पहिल्यांदाच आम्ही दोघं एकदम उपाशी. माझं मला समजतं, तिला कोण समजावणार?

दुपारभर शिकारखान्यात हिशेब करत बसलो. पोट भरलेलं असेल तर पळणार नाही, साहेबाचं मन उतरेल, तो जाईल. मग जमादाराच्या गोळीचं बघता येईल, महाराज तोवर परततील, मी स्वतः त्यांच्या वाड्याच्या पायरीवर जाऊन बसेन. जहाजापेक्षा जमादार बरा. जहाजाशी बोलता येत नाही.

मगरिबला रोजा सोडला आणि माझ्या वाटणीचं सगळं मटण तिच्यापुढं ठेवलं. तिनं हाडसुद्धा ठेवलं नाही. माझ्या जिवाला बरं वाटलं. भीती पण वाटली. दोन्ही लिहितो.
भांडं घासायला आत गेलो तर अम्माचं भांडं आधीच घासून पालथं घातलेलं. विचारलं.
"व्हय, घातलं मी दुपारीच," अम्मा म्हणाली. "दस्त्या, रोजा आपला असतोय. जनावराचा न्हाय."
म्हणजे शहाणीनं दोनदा खाल्लंय. उद्या ही गाडीतून खाली तरी उतरेल का?

बुधवार, १०
गाडीत बसून लिहितोय. नीट लिहिलं पाहिजे, नंतर सगळे वेगवेगळं सांगतील.

कळंब्याच्या पुढं, कुरणात. शहाणी बैलगाडीवर, डोळ्यांवर टोपी, कमरेला दोन्हीकडून दोऱ्या. साहेबानं दोरी ओढून बघितली, फास्ट म्हणाला. मग पोटाकडं बघून विचारलं, फास्टिंग? मी येस सर म्हटलं. रोज्यात खोटं बोललो.
काळविटांचा कळप दिसला. टोपी काढली. दोरी सोडली. मला वाटलं, आता खाली उतरेल, अंग झाडेल, सावलीत बसेल. खरंच उतरली आणि बसली. जमादारानं माझ्याकडं बघितलं. मी आकाशाकडं.
आणि मग ती उठली आणि पळाली.
शिकारीसाठी नाही. मी तिला वर्षानुवर्षं बघतोय, शिकारीला जाताना ती अंग चोरून, दबून जाते. आज नुसती पळाली. कळपातून आरपार गेली, एका काळविटाला डावलून पुढं गेली, त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. भरल्या पोटानं, आनंदानं. उंच गवतात शिरली आणि दिसेनाशी झाली. एवढी सुंदर ती कधी पळाली नव्हती आणि मी मूर्खासारखा हसत उभा होतो.
साहेब घड्याळाकडं बघून ओरडला. काळवीट मेलं नाही याचं त्याला काहीच नाही. मला म्हणाला, शी इज माइन.

मी पळी घेऊन गेलो. हीच पद्धत: लाकडी पळीत रक्त, ते चाटायला चित्ता येतो, तेवढ्यात टोपी घालायची. पण भुकेला असेल तर येतो. माझ्या शहाणीला आज रक्ताचं काय? पळी फिरवून हात दुखला. आली नाही.
मी आणि अम्मानं केलेलं हे. दोघांनी मिळून.

गुरुवार, ११. कुरणातच, बाभळीखाली.
रात्रभर गाडीतच. साहेब परत गेला नाही, पिंजरा मागवून घेतला. पिंजरा बांधावर उभा आहे, नवा रंग दिलेला. बोट लावून बघितलं, रंग हाताला येतो.
जमादारानं सकाळी सांगितलं, "आज दिस मावळस्तवर हातात आली तर पिंजऱ्यात. न्हाय आली तर उद्या बंदुका. हितं धनगरांची कोकरं हायती." यात तो खोटं बोलत नाही. पलीकडच्या माळावर कळप आहेत, ऐकू येतात.
आज ती उपाशी आहे. आणि मी.
दिवसभर गवत हललं नाही. दोनदा वाटलं, गेली; कुठंतरी लांब गेली असेल तर सुटली. मग वाटलं, लांब जाऊन जगायला तिला कुणी शिकवलंय? ती बाजेवर वाढलेली, अम्माच्या बडबडीवर.

दुपारी द. येऊन गेला. महाराजांकडं तार केली म्हणाला, स्वतःच्या नावानं. नोकरी जाईल त्याची. उत्तर कधी येईल माहीत नाही. तार फास्ट असते ना, मी विचारलं. तो म्हणाला, तार असते, वाचणारा नसतो. अम्मानं पाठवलेली खजुराची पुरचुंडी देऊन गेला.

आत्ता सूर्य टेकलाय. जमादार, साहेब, सगळे बांधावर. पळी माझ्या मांडीवर.
गवतात चिवचिव झाली.
चिमणी म्हणून सोडून दिलं. परत झाली. या वेळेला गवतात चिमण्या नसतात. अगदी जवळ, ओढ्याच्या अंगाला. ती माझ्यासाठी चिवचिवतेय, पहिल्यांदाच.
मी 'ये गं शहाणे' म्हटलं की येईल. रक्त नसलं तरी येईल. बांधावरच्यांना अजून ऐकू गेलेलं नाही.

सूर्य गेला. रोजा सोडला. जमादार मोठ्यानं म्हणतोय, "दस्त्या, मार की हाक."
मी हातानं दाखवलं, तोंडात खजूर आहे. रोजा सोडणाऱ्याला कुणी घाई करत नाही, एवढं तरी इथं पाळतात.
सावकाश चघळतोय, तेवढाच तारेला वेळ. बी कधीच वेगळी झालीय. पुरचुंडीत अजून एक खजूर आहे.