झीरो म्हणजे काही नाही?

१० मार्च
मिलमधल्या तपासणी कॅम्पमध्ये छातीचा फोटो काढला होता. त्यावरून मागच्या आठवड्यात सुई घालून तुकडा घेतला. आज त्याचा रिपोर्ट. गाठ नाही, दुखत नाही. फोटोत नुसते पांढरे कण, एका ओळीत, घरी साडीला टिकल्या चिकटवतो तसे. डॉक्टर मॅडम गुजराती, सावकाश बोलतात. "बेन, झीरो स्टेज छे." कॅन्सरच्या पेशी दुधाच्या नळीतच आहेत, भिंत ओलांडलेली नाही. तरी ऑपरेशन करून काढायचं म्हणाल्या. घरात कोणाला होता का, विचारलं. नाही म्हटलं. आई पोटाच्या दुखण्याने गेली.

११ मार्च
ह्यांना सांगितलं. "झीरो म्हंजे काहीच नही ना? मंग काब्र कापनं?" काल रिक्षात मलाही तसंच वाटलं होतं, हसायलाही आलं. आमच्या रूपालीचा साखरपुडा आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी. "आखाजी व्हई जाऊ दे, मंग दखू. कोनले सांगू नको." चलथाणच्या, मुलाकडच्या पाहुण्यांनी कॅन्सर शब्द ऐकला तर पोरीची सोयरीक मोडेल. भीती खोटी नाही. पण मला राग आला. आजार झीरो, आणि बाई पण झीरो?

१४ मार्च
एकटीच गेले मॅडमकडे. विचारलं, नाही काढलं तर? काहींचं जन्मभर तिथंच राहतं, काहींचं भिंत फोडून बाहेर पडतं. कोणाचं कुठलं, हे आज त्यांनाही सांगता येत नाही. म्हणून काढायचं, नंतर रेडिएशनचा शेक. सगळी छाती काढायची गरज बहुतेक नाही. तेवढा भाग, भोवती मार्जिन ठेवून.
मार्जिन मला कोणी शिकवायला नको. अठरा वर्षं पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड चेक करते. फॉल्ट दिसला की खडूने खूण, दोन्हीकडून चार बोटं चांगलं कापड धरून कापायचं. बारीक आहे म्हणून सोडलेला फॉल्ट पार्टीकडून, म्हणजे गिऱ्हाइकाकडून, परत येतो, आणि चेकरच्या नावावर येतो.
तारीख घेऊन आले. ह्यांना घरी येऊन सांगितलं. जेवले नाहीत.

२३ मार्च
झालं ऑपरेशन. हे दिवसभर बाहेर बाकावर. नर्स म्हणाली, तुमच्या माणसाने चहासुद्धा घेतला नाही. मिलमध्ये सांगितलंय, मी गावी गेलेय.

२९ मार्च
होणाऱ्या विहीणबाई आल्या, साड्यांचे रंग ठरवायला. वरच्या फळीवरचा डबा काढायला गेले, हात वर जाईना. "काय व्हयनं ताई?" म्हटलं, हंडा उचलताना लचकला. त्यांनी मला बसवलं, स्वतः चहा केला. बाई चांगली आहे, म्हणूनच जास्त मेल्यासारखं झालं.

४ एप्रिल
काढलेल्या भागाचा रिपोर्ट. तीन बाजू साफ. एका बाजूला पेशी पार काठापर्यंत. परत काढावं लागेल. तेव्हाही साफ नाही आलं तर मग सगळी छाती. तारीख १५, साखरपुड्याच्या चार दिवस आधी. हे म्हणाले, पुढे ढकल. रूपाली इथंच वाढली, रागावली की हिंदीत जाते. "मम्मी, मेरे लिए तू फॉल्ट छोड़ देगी?"

६ एप्रिल
विहीणबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं, कॅन्सर शब्दासकट. हंड्याचं खोटं होतं, तेही. हे दारात उभे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमनी मायले बी व्हतं का?"
नाही म्हणायला तोंड उघडलं आणि आईच्या छातीवरचं फडकं आठवलं. शेवटचं वर्षभर बांधलेलं असायचं. विचारलं की म्हणायची, दुधाचा ताप शे.
आमचा धाकटा भाऊ तेव्हा नऊ वर्षांचा होता, अंगावर पिणारं कोणी नव्हतं.
"माहीत नही," म्हटलं. "मामाले इचारीसन सांगस."
"इचारा," म्हणाल्या. रागाने नाही. पण साखरपुड्याचं काहीच बोलल्या नाहीत, आणि मलाही विचारवलं नाही.
मामांना अजून फोन केलेला नाही. रूपाली समोर टिकल्या चिकटवत बसलीय. १५ तारखेला मॅडमकडे तिलाही तपासायला न्यायला हवं.