पडद्यावरचा ठिपका

४ ऑक्टोबर २००४
आजपासून नोकरी! शिवाजी पेठेत खोलीही मिळाली, घरमालकीण चिमणाबाईंनी पहिल्याच दिवशी डबा भरून दिला. कारखान्यात पंपाचे भाग लेसरने जोडतात. सुरक्षा माझ्याकडे. हा किरण दिसत नाही, डोळ्यात गेला तरी दुखत नाही, म्हणून काम बंद झाकणाआड चालतं आणि आम्ही ते कॅमेऱ्यातून पडद्यावर बघतो. झाकण मिटलं की कडेच्या सेन्सरवर अंधार पडतो, तेव्हाच किरण सुटतो. मला ही युक्ती फार आवडली.

११ ऑक्टोबर
लेसरसाठी खास चष्मे मागवले, आले वेल्डिंगचे. ते हा किरण अडवतील याचा भरवसा नाही. मालक राजशेखर म्हणतात, काळे आहेत ना, मग झालं. डोकं फिरलं.

२१ ऑक्टोबर, खंडेनवमी
मशीनची पूजा. ऑपरेटर रुद्रय्यामामांनी दिसेल त्या काचेला ओलं कुंकू फासलं, कॅमेऱ्यालासुद्धा. मी पुसायला गेले तर केवढा गहजब! "मॅडम, लक्ष्मीचं कुंकू पुसत्यात व्हय?" शेवटी कॅमेऱ्यापुरतं पुसू दिलं. बाकीचं राहू दे म्हटलं. कुठे कुठे भांडू?

२६ ऑक्टोबर
पडद्यावर मधोमध काळा ठिपका. कॅमेरा भाजला असणार. पुरवठादाराला फोन केला.

२ नोव्हेंबर
नवा कॅमेरा बसवला. तोच ठिपका, त्याच जागी. मेल्यांनी जुनाच पुसून पाठवला! अर्धा तास फोनवर भांडले.

५ नोव्हेंबर
वैतागून पडदाच बंद केला. ठिपका आहे. भिंतीवर आहे. घरी आले तर चिमणाबाईंना — नाकच नाही.

८ नोव्हेंबर
कडेच्या सेन्सरवर कुंकू. मशीनला वाटतं झाकण मिटलंय. मामा झाकण उघडून भाग बदलतात, मी शेजारी उभी, आणि किरण चालूच, भागावरून उसळून डोळ्यांत. अठरा दिवस. राहू दे म्हणणारी मीच. डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येत नाही.

९ नोव्हेंबर
काल सेन्सर पुसला. सकाळी मामांनी पुन्हा कुंकू लावलं. मशीनची वायर काढली, मालकांनी जोडायला लावली. भक्तीत आपण कशाला पडायचं, म्हणे. कुणाला कसं सांगू —

१० नोव्हेंबर
मशीनशेजारी फळ्यावर खडूने लिहिलं, मशीन लावू नका, डोळे जातील. मामा समोर येऊन टक लावून बघत राहिले. "मॅडम, मधी काय लिवलंच न्हाय की." झाडलोट करणाऱ्या हिराबाई आल्या. त्याही तेच म्हणाल्या —

मशीन पुन्हा सुरू झालं. हे वाचायला इथे कुणाचे डोळे —