साठ फुटांची वायर

मास्तर, तुमच्या हाताला काहीही झालं नव्हतं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

भाषावार प्रांतरचनेत आपल्या राज्याचे तुकडे होत होते. कचेरीतली आम्ही मराठी माणसं मुंबईच्या यादीत गेलो होतो आणि रविवारी दुपारी चिक्कडपल्लीतल्या शाळेत आमचा निरोपसमारंभ होता. तुम्ही तुमची विजेची हवाईयन गिटार वाजवणार होतात. कचेरी सुटल्यावर तुमच्या रेडिओच्या दुकानात बसून मी चार जोड सोल्डर करायला शिकलो होतो आणि तेवढ्यावर स्वतःला मोठा जाणकार समजत होतो. तुम्ही बजावलं होतं, "ॲम्प्लिफायर माझ्या पायाशी ठेव. लांबवायची तर स्पीकरची वायर लांबव, गिटारची नक्को." पण मला पुढच्या रांगेत, साहेबांच्या शेजारी बसून बटणं फिरवायची होती. ॲम्प्लिफायर मी तिथे नेला आणि भिंतीच्या कडेकडेने फिरवून गिटारचीच वायर साठ फूट केली. वायर ती वायर, तिला काय कळतंय, असं मनाशी म्हणालो.

तुम्ही ऐनवेळी आलात, वायर कुठून कुठे जाते ते न पाहताच सुरुवात केलीत आणि गिटार गोधडीत गुंडाळल्यासारखी वाजू लागली. मी बटण पूर्ण फिरवलं, तर घरघर तेवढी वाढली. मागून कोणीतरी म्हणालं, "हौ, मास्तरांचा हात गेला." ते तुम्ही ऐकलंत. गत अर्ध्यावर सोडून तुम्ही हात जोडलेत. मी खाली मान घालून बटणांशी चाळा करत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दुकानात आला नाहीत; गिटार तिथेच होती आणि किल्ली माझ्याकडे. मी एकट्याने हातभर वायर लावून तार छेडली. खणखणीत! साठ फुटी लावली, की पुन्हा गोधडी. शिल्डेड वायरच्या आतली तार आणि बाहेरची जाळी यांच्यात फुटाफुटाला थोडा कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवून घेण्याची क्षमता, वाढत जातो, आणि गिटारच्या तारांखालच्या पिकअपमधून येणाऱ्या दुबळ्या सिग्नलमधला सगळा उंच, चमकदार आवाज त्यात जिरतो. ॲम्प्लिफायरमधून जोर घेऊन निघालेला सिग्नल तेवढीच वायर सहज पार करतो. ही कारणं मी पुढे मुंबईत वाचली. चूक माझी होती, एवढं कळायला त्या सकाळी पुस्तक लागलं नाही.

संध्याकाळी तुम्हीच गिटार घेऊन आमच्या घरी आलात. "परेशान नको होऊस," म्हणालात. "वायर तू बराबर टाकली होतीस. माझीच बोटं गेली रे. ही तू घेऊन जा." आत आई शेजारणीला माझं कौतुक सांगत होती. चूक कोणाच्याही हातून होते, मास्तर. पण मी गप्प बसून तुमची गिटार घेतली, याची लाज अजून जात नाही.

हे कागद मी कुठे पाठवणार? तुम्ही गेल्यावर तुमच्या मुलीचं पत्र आलं होतं. "वडिलांनी पुन्हा कधी वाद्याला हात लावला नाही, त्या दिवशी नेमकं काय झालं होतं, दादा?" मी लिहिलं, वय झालं होतं त्यांचं. ते उत्तर मात्र मी त्याच दिवशी टपालात टाकलं.