यादीतलं पहिलं नाव

शुक्रवार, ४ मार्च २००५

आखातातली शुक्रवारची सुट्टी गेली. अल् खुवैरच्या रिकाम्या ऑफिसात, झेरॉक्सच्या खोलीत, सकाळपासून सर्व्हरशेजारी. ऑफिस आणि साइटवरची माणसं या डबड्यातून एकमेकांना निरोप लिहितात. मी पत्रव्यवहार विभागातला, पण पासवर्ड मला ठाऊक — म्हणून पुजारीही मीच. हट्टाने नवी आवृत्ती चढवली. जुनीला देवनागरी दिली की प्रश्नचिन्हांची माळ परत यायची.

तीनदा कोसळला. चौथ्यांदा उठला. खाबुऱ्याच्या साइटवर शुक्रवारीही काँक्रीट चालू, म्हणून सतीशला लिहिलं — 'दिसतंय का?' बराच वेळ काही नाही. मग: 'दिसतय. पन आक्षरं सापडत नाहीत भानुदा.'

ऱ्हस्वदीर्घाचा खून. तरी डोळे भरले. हे इथेच राहू दे.

मंगळवार, ८ मार्च

सतीशने कागदाचे तुकडे कापून कीबोर्डवर अक्षरं चिकटवलीत. त्याची बायको रचना सहा वर्षं वाट पाहून जानेवारीत इथे आली. ती म्हणाली म्हणे, 'साइटवर बालवाडी काढली का?'

दिवसभर चालू असतं. मी: 'सळया आल्या का, खाबुरानरेश?' तो: 'सळया आल्या. सायबाची अक्कल कस्टममधे अडकली.' जीएमच्या टायवर मी अनुष्टुभ रचला. सतीशला अर्थ सांगावा लागला. अर्थ सांगितलेला विनोद जगत नाही.

शनिवार, १२ मार्च

जीएम विचारतो, नव्या सर्व्हरचा उपयोग काय. बरं झालं विचारलं. कुणी किती निरोप पाठवले याची यादी नवी आवृत्ती आपोआप काढते. सर्व्हर सांभाळणाऱ्याचं नाव त्यात नसतं. देवळात पुजाऱ्याला कोण मोजतं? पहिला सतीश — दिवसाला त्रेसष्ट. वर ठळक मथळा दिला: 'सर्वांत उत्साही सभासद'. महिनाभर चिडवायची सोय झाली.

देवनागरी चालते हे दिसावं म्हणून आमच्या गप्पांची दोन पानंही जोडली. जीएमला कुठे वाचता येणार? माझं नाव तेवढं काढलं. विनय म्हणून.

रविवार, १३ मार्च

सर्व्हर ठणठणीत. मला सर्दी.

बुधवार, २३ मार्च

सतीशला पत्र मिळालं. महिन्याच्या आत नोकरी खलास, व्हिसा रद्द. कारण: कामाच्या वेळेत गप्पा.

पानं मी दिली, कबूल. पण ती मराठीत होती — कुलूपबंद. कुलूप उघडलं कोणी? ऑफिसात मराठी वाचणारा दुसरा एकच: पर्सोनेलचा यूनुस, रत्नागिरीचा. गेल्या आठवड्यात जीएमने त्याला आत बोलावून दार लावलं होतं. हातात कागद होते. मी काचेतून पाहिलं.

सतीशचा फोन आला. पहिला प्रश्न: 'तुला काही नाही ना झालं, भानुदा?'

शनिवार, २६ मार्च

यूनुस नेहमीसारखा दोन कप घेऊन आला. 'भानुदासभाय, चाय.' म्हटलं, 'तूच पी. लोकांची पत्रं वाचून घसा सुकला असेल.' तो कप ठेवून गेला.

संस्कृतच्या पेपरात दुर्जननिंदेला मला पैकीच्या पैकी मिळाले होते. आज उपयोग झाला.

घरी प्रमिला म्हणाली, 'त्याला सरळ विचारलंत का?' विचारायचं काय त्यात?

शुक्रवार, ८ एप्रिल

सतीश-रचना जेवायला. त्यांच्या पडद्यांचं कापड मत्रहच्या शिंप्याकडे पडलंय. रचनाने प्रमिलाला विचारलं, 'तुमच्या खिडक्यांना बसतील का हो?' प्रमिला उठून आत गेली.

यूनुसचं नाव मी सतीशला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, 'ईदला त्याच्या घरी बिर्याणी खाल्ली रे मी.'

मंगळवार, १९ एप्रिल

जाणाऱ्याच्या फाइलवर प्रत्येक विभागाची सही लागते. माझी, चॅटचं खातं बंद केल्याची. यूनुस फाइल घेऊन आला. मागच्या पानांवर तळहात दाबून धरलेला. 'इथे सही करा, बस. मागचं ऱ्हाऊ द्या.'

फाइल ओढली.

माझी यादी. माझा मथळा. त्रेसष्टभोवती जीएमचं लाल वर्तुळ. मागे माझी दोन पानं, आणि त्यांचं यूनुसने केलेलं इंग्रजी भाषांतर: सळया, पंप, पुन्हा सळया. टायच्या श्लोकाच्या जागी — 'सिमेंट ओलं होऊ नये म्हणून ताडपत्री हवी.' शेवटी त्याची सही: 'सर्व मजकूर कामाचा.' त्याखाली जीएमचा शेरा: 'मजकूर राहू दे. आकडा पुरेसा आहे.'

यूनुस म्हणाला, 'सतीशला सांगू नका. माझ्याशी तर तो बोलतच नाय. जाताना तुमच्याशी तरी बोलून जाऊ दे.'

सही केली. खातं बंद केलं.

बुधवार, २० एप्रिल

विमानतळ. पासपोर्ट हातात द्यायला यूनुस आला होता, कंपनीची रीत. सतीशने तो घेतला, त्याच्याकडे न बघता. मग माझ्या गळ्यात पडला.

यादीचं मी बोललो नाही.