पाच लिटरला एक झाकण

४ फेब्रुवारी
ह्यांची गाडी तीन महिने जिन्याखाली उभी होती. ह्यांच्यानंतर कोणी हातच लावला नाही. आज किक मारून मारून पाय दुखला, शेवटी ढकलत ह्यांच्या मिस्त्रींच्या गॅरेजवर नेली.
"वहिनी, पेट्रोलमध्ये औषध घातलंत का? पाच लिटरला एक झाकण. जुन्या इंजिनाला आजचं पेट्रोल कोरडं पडतं. साहेब कधी चुकायचे नाहीत."
बावीस वर्षं संसार केला. ह्या झाकणाचा मला पत्ता नाही. आणि मी नोकरी करते ती औषधांच्या दुकानात!

६ फेब्रुवारी
दुरुस्त झालेली गाडी आणायला गेले. मिस्त्री म्हणाले, "साहेब नकला काय करायचे! पोट दुखायचं हसून."
हे? नकला? घरी जेवताना "मीठ दे" — संपलं.

९ फेब्रुवारी
राहवलं नाही. गॅरेजवर जाऊन विचारलं, कोणाच्या नकला?
"सगळ्यांच्या. तुमचीही होती एक. गोळ्या मोजताना तुमचे ओठ हलतात, ती."
मीही हसल्यासारखं केलं. घरी येऊन आरशासमोर गोळ्या मोजल्या. हलतात.
निघताना म्हणाले, "गाडी विकायची झाली तर आधी माझ्या कानावर घाला." माझा अर्धा माणूस नेलाच होता, आता गाडीही हवी!

१० फेब्रुवारी
नाही विकणार. आणि त्यांच्याकडे नेणारही नाही.

१६ फेब्रुवारी
स्पेअर पार्ट्सच्या दुकानात गेले. इंजिन फार खडखडतं म्हटलं. दुकानदाराने चांगली महागातली बाटली काढली — ही पेट्रोलमध्ये नाही, इंजिन ऑइलमध्ये घालायची. "घर्षण कमी करते. लोण्यासारखी चालेल." कसली गाडी, त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
लेबल दोनदा वाचलं. मापाच्या कपाने पन्नास मिली, थेंब इकडे तिकडे नाही. आवाज खरंच मऊ झाला! मिस्त्रींच्या नाकावर टिच्चून. त्यांना इतक्या वर्षांत जमलं नव्हतं ते.

१८ फेब्रुवारी
पुलाच्या चढावर इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी पुढे सरकेना. मागून भोंगे. गिअर बदलला — तेच. उतरून ढकलली.
ह्यांची एवढी एकच गोष्ट माझ्या हातात होती, तीही मी मारली. तीन महिन्यांत आज पहिल्यांदा रडले. रस्त्याच्या कडेला, हेल्मेट न काढता.

१९ फेब्रुवारी
गेले. जाणार कुठे दुसरीकडे?
मिस्त्रींनी तेल बोटावर घेऊन चोळलं. "काय घातलंत?" बाटली पुढे केली. त्यांनी कपाळावर हात मारला.
"अहो, हे मोटारींसाठी! मोटारीचा क्लच कोरडा असतो. हिचा क्लच ह्याच तेलात बुडालेला. त्याला घर्षण हवंच, नाहीतर तो पकडणार कसा? निसटतोय नुसता. इंजिन ठणठणीत आहे."
मी म्हटलं, "म्हणजे डोस बरोबर, रोगी चुकला."
मिस्त्री हसत सुटले. माझ्या बोलण्यावर कोणी हसल्याचं मला तरी आठवत नाही.
"तेल काढू, क्लचच्या प्लेटा धुऊ. पण तुमच्या हातांनी. धरा पाना."

२५ फेब्रुवारी
दुकान सुटलं की रोज तासभर तिकडे. तेल दोनदा बदललं. प्लेटा मी बसवल्या. हात चालत असताना तोंडही चालतं — गिऱ्हाइकांचे किस्से सांगते. खोकल्याच्या औषधाची चव बघून मग बाटली घेणारे आजोबा वगैरे. ह्यांना कधी सांगितले नाहीत. विचारलं नव्हतं ह्यांनी.
तरी सल जात नाही. तिथे बसून ह्यांनी किती वाटून टाकलं, आणि माझ्या वाट्याला मीठ.

२८ फेब्रुवारी
गाडी पूल चढली! पाच लिटरला एक झाकण घालून.
मिस्त्रींना चढावर अडकलेल्या माझी नक्कल करून दाखवली. ते पोट धरून खाली बसले. वळून पाहिलं तर दारात त्यांची बायको, हातात डबा. केव्हाची उभी होती कोण जाणे.
"घरी असे हसत नाहीत हो हे," ती म्हणाली. त्यांना नाही. मला.