एक ते चार बंद

गुरुवार, संध्याकाळ

आज दुकानावर ‘१ ते ४ बंद’ची पाटी लावली! मी! सगळं पुणं दुपारी झोपायचं, म्हणून मी उघडं ठेवलं आणि मिक्सर दुरुस्त करत करत वर आलो. आता शेजारीच कॉम्प्युटरची कंपनी झालीय, तिथली मुलं येतात तीही दुपारीच. गिऱ्हाईक तुटलं तर? पण तबला शिकायचाय, आणि शनिवार पेठेतल्या गुरुजींना वेळ दुपारचीच.

समोरचे चष्मेवाले पाटी वाचून म्हणाले, “झालात एकदाचे पुणेकर!”

क्लासात मी पहिल्याच ठेक्याला सुसाट. गुरुजी म्हणाले, “अहो, आपली गाडी चुकतेय का?” मग हळू वाजवलं. ‘धा’चा नाद किती वेळ घुमतो! आवाजावरून मोटर ओळखणारा माझा कान. इतकी वर्षं नुसते बिघाडच ऐकत होता की काय?

चारला परतलो तर पाटीखाली कंपनीतली मुलगी, कडेवर मिक्सर.

“काका, होतात कुठे?”

“तबल्याच्या क्लासला.”

“मलाही शिकायचाय हो, पण वेळच मिळत नाही.”

“मला तरी कुठे मिळत होता? पाटी लावली!”

थांबली होती की ती! उद्या क्लास नाही. तरी पाटी लावणार.