मुठीतलं बटण

प्रिय धाकटे,

तुझी लेक खुशाल आहे, हे आधी सांगते. नाहीतर पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायचा. ठमी नीट जेवते, शिलाईच्या दुकानात दिवसभर माझ्या पायात पायात घुटमळते आणि आलेल्या गिऱ्हाइकाला माप देताना ताठ उभं राहा म्हणून दटावते. अगदी तुझ्यावर गेली आहे.

मागे तिने फोनवर वीसपर्यंत आकडे म्हणून दाखवले आणि तू हरखून गेलीस. पण खरं सांगू? ते गाणं होतं गं, मोजणं नव्हतं. तीन बटणं दे म्हटलं की मूठभर आणून ओतायची. पाच मागितली तरी तीच मूठ. चार बटणं जरा लांब लांब मांडली की तिच्या लेखी ती जास्त व्हायची. तू दोन महिन्यांत येते म्हणालीस तेव्हा मान डोलवून खेळायला पळाली, आणि तू म्हणालीस, किती समजूतदार आहे माझी पोर! समजूतदार कसली डोंबलाची! तिला दोन काय नि दोनशे काय, सारखंच होतं. ते दोन महिने उलटून गेले, तिला पत्ताही लागला नाही.

मग हळूहळू एक कळलं, दोन कळले. तीनपाशी गाडी बरेच दिवस अडली. आणि एका दुपारी मी शर्ट घेऊन बसले होते, तर तिने एकेका काजावर बोट ठेवत ती मोजली आणि डब्यातून नेमकी तेवढीच बटणं काढून माझ्यापुढे ठेवली. सहा. मी तिला उचलून गरागरा फिरवलं.

त्याच आठवड्यात तू तिला सांगितलंस, चार रविवार झाले की येते. तिने चार बटणं मागून घेतली, खिडकीत मांडली. दर रविवारी एक परत डब्यात. शेवटचं एकच उरलं होतं त्या चौथ्या रविवारी सकाळीच आवरून दारात बसली. तुझा फोन आला. सुट्टी नाही, अजून चार रविवार. तुझ्या इस्पितळात नर्स कमी आहेत, घर तू एकटी ओढतेस, मला सगळं कळतं. मी डबा तिच्यापुढे धरला. तिने नवीन बटणं घेतली नाहीत आणि उरलेलं आत टाकलंही नाही. ते अजून संपलं नाही ना, मग आईला उशीर कुठे झाला, असं उलट मलाच समजावत होती. दुपारी झोपली तेव्हा मूठ सोडवून पाहिली. तळहातावर बटणाचा गोल वळ उठला होता. मला फार रडू आलं, आणि तुझा रागही आला.

फोनवर बोलायचं तर ती कान लावून असते, म्हणून हे पत्र. रविवारी तू फोन करशील. तिला उगीच आकडा देऊ नकोस. आता तिला मोजता येतं. यायचं नक्की असेल तरच सांग, नसेल तर माहीत नाही म्हण. रडेल. रडू दे, मी आहे. पण ते बटण तिला खाली ठेवता आलं पाहिजे.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
ताई